लाइट आहे, पण लाइट नाही

ऐन जेवायच्या वेळी घरात अंधार, आणि वरच्या मजल्यावरचे काका खिशातला टेस्टर सॉकेटमध्ये खुपसून जाहीर करतात, "लाइट आहे!"

"काका, पण लाइट लागत नाहीये."

"हा काय लागला!" म्हणजे टेस्टरचा. मग त्यांनी तो दुसऱ्या भोकात घातला. तिथेही लागला. काका खूश. "दोन्हीकडे? अहो, डबल लाइट आहे तुमच्याकडे!" आणि मग, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "लाइटबिल भरलंय ना या महिन्याचं?"

भरलंय. वेळेवर भरलंय.

टेस्टरमधल्या चिमुकल्या निऑन दिव्याला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, लागतच नाही. टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, बोट मागे. अंगातून जाणाऱ्या नगण्य करंटवर तो पेटतो. बल्बचं तसं नाही, त्याला दोन्ही तारा लागतात. न्यूट्रल तुटला, की बटण चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून फेज उलटा न्यूट्रलच्या तारेत उतरतो, म्हणून दोन्ही भोकांत उजेड. 'न्यूट्रलच तर आहे' म्हणत ती तार धरणारा जोरदार झटका खातो. तेव्हा आधी मेन स्विच बंद, मग बाकीचं. बहुधा न्यूट्रल लिंकचा, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जोडायच्या पट्टीचा, स्क्रू ढिला निघतो, नाहीतर ॲल्युमिनियमची केबल आणि तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असते. तो सांधा तापतो, जळतो. काळं टोक कापायचं, सोलायचं, नीट कनेक्टर घालून आवळायचं. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर मात्र खरी पंचाईत. एका घरात 230 व्होल्टऐवजी दीडशे, शेजारी तीनशेच्या वर, आणि शेजाऱ्याचा टीव्ही गतप्राण.

एवढं सगळं सांगितल्यावर काका म्हणाले, "लाइट घ्या हो!" म्हणजे, मनावर घेऊ नका. इंदूरच्या पोरांची ही भाषा सत्तरीतल्या माणसाने माझ्यावर का चालवावी? पण ज्या गावात पोह्यांवर मूठभर सेव, वर जिरावन मसाला आणि शेजारी पाकातली जिलबी, एवढ्याला 'लाइट नाश्ता' म्हणतात, तिथे दाद कुणाकडे मागायची?

तक्रारीच्या नंबरवरचा मुलगा म्हणाला, "तुमच्या भागात लाइट चालू दाखवतंय." त्याच्या स्क्रीनपुढे आमच्या अंधाराची काय किंमत! शेवटी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. त्याने विचारलं, "पूर्ण बिल्डिंगची गेलीय की फक्त तुमची?"

"फक्त आमची."

"मग लाइट काम आहे, भिया. उद्या बघू."