नांदेडचे लंगोट, लातूरचं पाणी

बायको माहेराहून परत आली तेव्हा तिच्यासोबत एक लेक, दोन बॅगा, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि छत्तीस लंगोट होते. लंगोट मोजून आणले होते, कारण आमच्या सासूबाई सगळंच मोजून देतात. जुन्या मलमलचे, मऊसूत, बगळ्यासारखे पांढरे. आईने त्यातला एक उचलला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "चांगले हायत." त्या दोन शब्दांत कौतुक किती आणि आव्हान किती, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तीन आठवड्यांत छत्तीसच्या छत्तीस लंगोटांचे पापड झाले. दोरीवरून काढलेला लंगोट फरशीवर ठेवला तर क्षणभर स्वतःच्या पायावर उभा राहायचा. रंग आधी ताकासारखा, मग पंढरपूरहून आलेल्या धोतरासारखा. चिमीच्या मांड्यांच्या घड्यांत लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी मलम दिलं, लेकराला दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा म्हणाले आणि जाता जाता विचारलं, "लंगोट कशात धुता?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. घरी येऊन मी तो आईला विचारला, ही माझी चूक.

"कशात म्हंजे? वडीत," आई म्हणाली. "तुला वाढवलं की त्याच वडीत. काय झालं तुला?"

बायको पाळण्याची दोरी ओढत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आमच्याकडे असं होत नव्हतं बाई." आवाज बारीक होता, पण स्वयंपाकघरातली भांडी एकदम वाजायची थांबली, त्यावरून वाक्य योग्य टेबलावर पोचलं हे कळलं. मी स्वतः पाण्याच्याच खात्यात कारकून आहे. फायलीत दोष कुणाचा हे ठरत नसलं की आम्ही तो कागदावर ढकलतो. घरात दोन पक्ष पडायच्या आत सगळा आळ साबणावर घालावा आणि साबण बदलून मोकळं व्हावं, असं मी ठरवलं.

लातूरच्या मुख्य बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात. मी ज्या रस्त्याने आत शिरतो त्याच रस्त्याने बाहेर पडलोय, असं आजवर झालेलं नाही. त्या दिवशी तर सोळाही रस्त्यांवर साबणाचीच दुकानं आहेत असा भास होत होता. नेहमीच्या दुकानदाराला म्हटलं, "लंगोट धुवायला काहीतरी द्या."

"फेसाचं देऊ का वासाचं?"

"स्वच्छ होण्याचं असं काही नाही का?"

"ते सगळ्यातच असतंय."

माझं बालपण या प्रश्नाशिवाय गेलं. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या घरी पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. आमच्या गावात ती पिवळी पावडर पोचल्यावर निवडीचा विषयच संपला. कपड्याला पावडर, भांड्याला राख, अंगाला लाल वडी. आता समोरच्या फळीवर पंचवीस पाकिटं आणि प्रत्येकावर एक हसरं लेकरू. एका बाटलीवर ससा होता. सशाचा आणि लंगोटाचा संबंध काय, हे मी अजून शोधतोय. शेजारी साखर घ्यायला आलेल्या काकूंनी नीळ सुचवली. त्यांच्या मागच्या गृहस्थांनी एक निळी बाटली दाखवून सांगितलं की शेवटच्या पाण्यात हिचं एक टोपण घातलं की कपडा लोण्यासारखा होतो. मी सशाची बाटली घेतली, निळी बाटली घेतली आणि सेफ साइड म्हणून वडीही घेतली. वडी नसती घेतली तर घरी आत जाता आलं नसतं.

निळ्या बाटलीने खरोखर जादू केली. लंगोट मऊ झाले, मोरीत बाग फुलल्यासारखा वास दरवळला. बायको खूश, आई गप्प. रात्री चिमी भिजली ती थेट गादीपर्यंत. दुसऱ्या रात्रीही तेच. पुण्याच्या मेहुणीने पाठवलेले ते चटपट बटणांचे, बाहेरून रबरासारखे आणि आत कापडी पट्टी सरकवायचे महागडे लंगोटही गळायला लागले. तिसऱ्या दिवशी मी एक पट्टी ओट्यावर पसरून चमच्याने पाणी टाकलं. पाणी आत जाईना. अळूच्या पानावर नाचतो तसा एकेक थेंब त्या कापडावर गोल गोल फिरत राहिला. मी बोटाने ढकलला तर हा घरंगळत त्या टोकाला. तेव्हा मेहुणीने सोबत दिलेलं माहितीपत्रक पहिल्यांदा उघडून वाचलं. कपडा मऊ करणारं काहीही वापरू नका, त्याचा थर कापडाच्या धाग्यावर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही, असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ठळक अक्षरं वाचायची नाहीत, ही आमच्या खात्याची जुनी सवय.

मग मी सरांकडे गेलो. लातुरात रस्त्यावर "सर" अशी हाक मारली तर चारजण वळून बघतात आणि त्यातले दोघं केमिस्ट्रीचे असतात. आमचे वरच्या मजल्यावरचे सर क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्रीच शिकवतात. त्यांना प्रश्न सांगितला की ते आधी चार पर्याय मागतात.

"लंगोट कडक का होतात? अ, साबण वाईट. ब, धुणारा वाईट. क, पाणी वाईट. ड, यांपैकी नाही."

मी ब वर बोट ठेवायच्या आत आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "क."

"निगेटिव्ह मार्किंगमधून वाचलात," सर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी क्लासच्या प्रयोगशाळेतून एक ब्युरेट म्हणजे खुणांची काचेची नळी, एक शंकूच्या आकाराचं चंचुपात्र आणि दोन बाटल्या घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाले. आमच्या बोअरचं पन्नास मिलिलिटर पाणी पात्रात घेतलं, त्यात एका बाटलीतलं थोडं ओतलं. घरभर झणझणीत वास सुटला.

"हा तर चिमीच्या लंगोटाचाच वास," आई म्हणाली.

"बरोबर मावशी. तोच. अमोनिया." सरांना आईचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी तिला पुढच्या बाकावर, म्हणजे गव्हाच्या कोठीवर, बसवलं. मग काळसर पावडरीची चिमूट पडली आणि पाणी जांभळासारखं लाल झालं. वरच्या नळीतून दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब पडायला लागलं. सर पात्र फिरवत होते, आई कोठीवरून पुढे वाकली होती, बायको चिमीला खांद्यावर घेऊन दारात. "आता निळं होईल बघा," सर म्हणत होते, पण ते काही होईना. आरतीला कापूर पेटत नसला की असते तसली शांतता. शेवटी एका थेंबाला लाल रंग गेला आणि पाणी स्वच्छ निळं झालं. आईने नकळत हात जोडले.

"640," सर म्हणाले. लिटरला मिलिग्रॅममध्ये पाण्याचा कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चालतं आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. आम्ही दुसऱ्या आकड्याच्याही पुढे गेलेलो. सासूबाईंच्या नळाला गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचं पाणी, आमच्याकडे मांजरा धरणाचं नळाला येतं तेव्हा येतं, बाकी सगळं बोअरवर. काळ्या दगडातून मुरत मुरत आलेलं ते पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येतं. वडीतला साबण आधी त्यांच्याशी लग्न लावतो, त्या लग्नाचा पांढरा चिकट साका कापडात जाऊन बसतो आणि कपड्याच्या वाट्याला साबण उरतच नाही. पावडर असा साका धरत नाही.

आईच्या चेहऱ्यावर महिन्याभराने उजेड पडला. "मंग मी काय सांगलाले इतके दिवस? या पाण्यात तुरीची डाळ शिजत न्हाई, लंगोट कसा निघल?" हे ती इतके दिवस कधीच सांगत नव्हती. पण ते त्या क्षणी दाखवून देणं शहाणपणाचं नव्हतं. बायकोही काही बोलली नाही, फक्त आईच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यात साखर बरोबर होती.

सर आता रंगात आले होते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचत म्हणाले, "ही घ्या. हिच्यात एन्झाइम आहे. शी म्हणजे प्रोटीनचे डाग, ते तोडतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा." चार दिवसांनी आले आणि डाग जसेच्या तसे पाहून चक्रावले. चौकशीत निघालं की आई लेकराचे कपडे म्हणून उकळत्या पाण्यात पावडर टाकत होती.

"मावशी, तुम्ही एन्झाइम शिजवलं!"

"आरं देवा. माझ्या घरात डाळ शिजत न्हाई, अन् हे शिजलं?"

शेवटी पद्धत ठरली ती अशी. पावडरीआधी पाणी धुवायचं. वीस लिटरच्या बादलीत साधारण चौदा ग्रॅम धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवायची. हा आकडा सरांनी कॅलेंडरच्या मागे गणित करून काढला, कठीणपणाच्या शंभर भागांना सोड्याचे एकशे सहा, आणि तो कागद मी अजून जपून ठेवलाय. सकाळी तळाला पांढरा गाळ बसलेला असतो, वरचं निवळलेलं पाणी हळूच ओतून घ्यायचं. त्यात पावडर दीड माप. वडी बंद. सशाची बाटली महागाची होती म्हणून कपाटात, निळी बाटली परत गंजगोलाईत, ज्यांनी सुचवली ते भेटले तर द्यायला.

अडचण फक्त खळबळण्याची. पाकिटावर लिहिलेलं असतं, भरपूर पाण्यात खळबळा. हे ज्याने लिहिलं तो लातूरचा नक्कीच नव्हे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्यासाठी पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात पाण्याचा एकही तांब्या एकाच कामाला जात नाही. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात आणि खळबळलेलं शेवटचं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला. आता पावडर निवडायची तर लेकराच्या कातडीला चालेल अशी, आईच्या हाताला चालेल अशी आणि कढीपत्त्यालाही चालेल अशी. आठवडाभरात कढीपत्त्याची खालची पानं पिवळी पडली, तेव्हा आईने मला असं पाहिलं की मी दोनशे मैलांवरून त्या झाडावर करणी केली आहे. त्यानंतर पावडरीचं पाणी फक्त फरशीला आणि संडासाला.

उरलेलं काम उन्हाने केलं. आमच्याकडे बाकी सगळं उधारीवर, ऊन तेवढं रोख. ओले लंगोट मेच्या बारा वाजता दोरीवर टाकले की पिवळे डाग डोळ्यांदेखत फिके पडायचे. पंधरा-वीस धुण्यांत साका निघाला. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने सासूबाईंना लंगोट दाखवला, कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरून की नांदेडला नुसतं पांढरंच दिसलं असणार. "चांगले हायत," सासूबाई म्हणाल्या.

मग मृग लागला. पहिला पाऊस पत्रे धुऊन गेला, दुसऱ्याला आईने पत्र्याच्या पन्हळीखाली दोन पिंपं लावली. काठोकाठ भरलेलं, थंड, काचेसारखं पाणी. रविवारची सकाळ, चौदा लंगोट साठलेले. बोअरकडे बघायचंच नाही असं ठरवून मी मोठ्या टबात पावसाचं पाणी ओतलं आणि हात सवयीने चालत गेले. सोडा, दीड माप पावडर, घुसळणं.

फेस टबाच्या काठाला आला. मग काठावरून आला. मी घुसळणं थांबवलं, पण फेसाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मोरीची जाळी बुजली, उंबरा ओलांडून तो अंगणात निघाला, कढीपत्त्याच्या आळ्यात शिरला आणि वर येऊन पहिल्या फांदीला टेकला. लंगोट आत कुठे आहेत ते हाताने चाचपून शोधावं लागत होतं, आणि सापडले तरी मासोळीसारखे निसटत होते. दोन्ही पिंपं रिकामी झाली तरी चिकटपणा जाईना. आभाळ केव्हाच कोरडं झालं होतं.

वरच्या गॅलरीतून सर चहाचा कप घेऊन बघत होते. आईने गुडघ्यापर्यंतच्या फेसात उभं राहून पदर खोचला आणि मान वर केली.

"सर, ते तुमचं नळीचं यंत्र खाली आणा की. फेस किती ग्रॅम हाय ते बघा."