टाकी नव्हे हो, उजवी कर्णिका!

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'हृदयाचा उजवा वरचा कप्पा म्हणजे निळ्या, घाण रक्ताची टाकी. आतून गुळगुळीत, दोन नळ. पडद्यात भोक असलं तर ऑपरेशन अटळ. उपाशीपोटी गरम पाणी प्या, टाकी धुऊन निघेल.'

पाणी खुशाल प्या. ते आतड्यातून रक्तात मिसळतं, कर्णिकेच्या, म्हणजे त्या वरच्या कप्प्याच्या, भिंती घासत बसत नाही. आणि रक्त निळं कधीच नसतं. इथलं गडद लाल. माणूस निवांत असताना त्यातलं 70 ते 75 टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असतंच. घाण कसली?

'गुळगुळीत'साठी रविवारी मटणाच्या दुकानात गेलो. 'काळीज द्या' म्हटलं की यकृत हातात पडतं, म्हणून 'दिल' मागितलं, तेही वरचा भाग न छाटता. घरी कात्रीनं उजवी कर्णिका उघडली. मागं बोट सरसर सरकलं. पुढं नेलं तर एक कंगोरा लागला आणि त्याच्यापुढं कंगव्याच्या दातांसारखे स्नायूंचे पट्टे. माणसातही हेच. कंगोरा म्हणजे क्रिस्टा टर्मिनालिस : गर्भात वेगवेगळ्या तयार झालेल्या दोन भागांचा सांधा. त्याच्या वरच्या टोकाशी, ऊर्ध्व महाशीर (अंगाच्या वरच्या भागातलं रक्त आणणारी मोठी शीर) उतरते तिथं, सायनस नोड. कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी 1907 साली त्याचं वर्णन छापलं. ठोका इथूनच सुटतो. मोटारीचा स्टार्टर भिंतीतच असलेली टाकी कुणी बघितलीय का?

नळही तीन. दोन महाशिरा, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंचं रक्त आणणारा कोरोनरी सायनस. बोकडात त्याचं तोंड चांगलं मोठं, कारण छातीच्या भिंतीतलं रक्त आणणारी डावी अझायगस शीरही त्यातच येते.

आता भोक. मेसेज वाचून ग्रुपमधल्या एका आजींची झोप उडाली. नातवाच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, 'पीएफओ' लिहिलंय. आजी, कर्णिकांमधल्या पडद्यावर अंगठा दाबल्यासारखा एक खळगा असतो. आईच्या पोटात आपल्या सगळ्यांचीच तिथं वाट उघडी होती. फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून वारेकडून आलेलं बरंचसं रक्त तिथून थेट डावीकडं जातं. जन्मल्यावर डावीकडचा दाब वाढतो, पडदी मिटते, पुढं चिकटते. साधारण चार मोठ्या माणसांत एकाची ती पुरती चिकटत नाही, हाच पीएफओ, आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पडद्याचा तुकडाच नसणं हा वेगळा दोष. त्यातही लहान भोकं कधी आपोआप मिटतात, काही मांडीच्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन बंद करता येतात.

तेव्हा रिपोर्ट घेऊन मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. थर्मास न्यायची गरज नाही.