दुधाला फेस येतो म्हणजे त्यात साबण असतो, हे साफ खोटं

“दूध बाटलीत घालून हलवा, फेस आला तर साबण. तिरक्या ताटावर थेंब सोडा, पांढरा माग राहिला नाही तर नकली. साय धरली नाही तर केमिकल.” हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. तो आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि सकाळचं लिटरभर चांगलं दूध मोरीत गेलं.

आधी फेसाचं बोलू, कारण दूध ओतलं जातं ते त्याच्यामुळे. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून धरणारा ताण, तो कमी तितका फेस सहज येतो. २५ अंशांना पाण्याचा तो सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, दुधाचा ५० च्या आसपास. तो उतरवतात दुधातली प्रथिनं. त्यातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या रेणूचं एक टोक विद्युतभारित, पाण्यात रमणारं. बाकीची लांब शेपटी पाणी टाळणारी. बाटली हलवली की हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. साबणाचा रेणूही हेच करतो, फक्त तो लहान आणि चपळ. प्रथिनं सावकाश येतात, पण एकमेकांत गुंतून चिवट पापुद्रा धरतात. म्हणून फेस बराच वेळ टिकला, यावरूनही साबण ठरत नाही.

शिवाय साय काढलेलं दूध जास्त फेसतं. सायीचं दूध फ्रीजमधून काढल्या काढल्या फेसतं, आणि खोलीच्या तापमानाला आलं की फेस बसतो, कारण अर्धवट वितळलेले स्निग्ध कण बुडबुड्यांच्या भिंतीवर पसरून त्या फोडतात. तेच दूध गरम केलं की पुन्हा फेसतं. बाटली भांड्याच्या साबणाने धुऊन नीट विसळली नसेल, तर साबण बाटलीतलाच असतो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांतही ही कृती आहे, हे मान्य करावं लागेल: ५ ते १० मिलि दूध, तेवढंच पाणी, जोरात हलवा. पण तिथे दाट फेस आणि अगदी पातळ थर असा भेद सांगितलाय. करायचीच असेल तर खात्रीचं दूध शेजारी ठेवा. बाटल्या सारख्या, तापमान सारखं, स्निग्धांशही सारखा. तरीही निघतो तो संशयच. निकाल प्रयोगशाळेत लागतो: १ मिलि दूध, १ मिलि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं द्रावण, २ मिलि क्लोरोफॉर्म, ढवळून सेंट्रिफ्यूज, म्हणजे थर वेगळे होईपर्यंत यंत्रात वेगाने फिरवायचं. डिटर्जंटचा ऋणभारित रेणू निळ्या धनभारित रंगाशी जोडी करून त्याला खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये ओढतो. खालचा थर जास्त निळा, तर डिटर्जंट. वरचा जास्त निळा, तर नाही.

थेंबाच्या मागावरून फार तर पाणी घातल्याचा अंदाज येतो, तोही ताट तेलकट नसेल तर. होमोजिनाइज्ड दुधातले स्निग्ध कण बारीक फोडलेले असतात, ते वर येत नाहीत. साय पातळच धरणार.

भेसळ होतच नाही असं नाही. पण प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीचे निघाले १२, आणि त्यातले डिटर्जंटचे ३. त्याच सर्वेक्षणात ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून. त्याला फेस नाही, माग नाही, आणि दूध उकळून ते जात नाही. गोठेवाल्याकडून दूध घेत असाल तर सरकीची पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवतो का, हे विचारा.