खुलासा : गरम बीटलमधील ‘टक्’ आवाज म्हणजे स्टार्टर जळालेला नव्हे

जुनी फोक्सवॅगन बीटल लांबच्या प्रवासानंतर किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ आवाज करू लागली, तर स्टार्टर मोटर बदलावी, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो बहुधा घाईचा ठरतो. या गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली आणि स्टार्टर गिअरबॉक्सपाशी असला, तरी सोलेनॉइडचा (स्टार्टरवरील विद्युतचुंबकी स्विचचा) प्रवाह पुढे किल्लीच्या स्विचपर्यंत जाऊन पुन्हा मागे येतो, आणि या वाटेवरील जुन्या तारा, गंजलेले जोड व झिजलेला स्विच व्होल्टेज कमी करतात. त्यातच तापलेल्या सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध वाढतो, आणि त्याला पुरेसा प्रवाह मिळत नाही.

म्हणून बॅटरी चांगली असल्याची खात्री करून, किल्ली फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावावा. बॅटरीवर ११ व्होल्ट आणि तेथे जेमतेम ८ दिसले, तर दोष वाटेत आहे. सोलेनॉइडला बॅटरीतून थेट प्रवाह देणारा रिले बसवल्याने गाडी सुरू होते खरी, परंतु खराब जोड तसाच राहतो. गिअरबॉक्स रबरी माउंटवर असल्याने त्याला चासीशी जोडणारी विणलेली अर्थिंग पट्टीही तपासावी. तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. हे सर्व ठीक असेल, तरच स्टार्टर उतरवावा, आणि तेव्हा गिअरबॉक्समधील त्याचा बुशही (स्टार्टरच्या दांड्याच्या टोकाला आधार देणारी छोटी नळी) पाहावा.