पाचवीला पुजलेली

आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. पुढे हायस्कूल म्हणजे तालुक्याला, सात किलोमीटर, एसटीने. ही गोष्ट आमच्या चिमीला पहिलीपासून ठाऊक होती. मला ती १ मेला, निकाल हातात पडल्यावर कळली.

सुरुवात शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून. त्यात वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असं लिहिलेलं पाहून चिमीची आई दोनदा दाखल्यावरचं नाव वाचून खात्री करून आली. नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती. फक्त आधार कार्डावर माझं नाव ऱ्हस्व आणि दाखल्यावर दीर्घ. त्या एका वेलांटीसाठी मी तीन हेलपाटे घातले. चौथ्या वेळी प्रवेशाच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “नक्की कोणतं खरं?” एव्हाना माझाही गोंधळ उडाला होता.

मग गणवेश. आमच्या घरात कुठलाही कपडा मापाचा घेत नाहीत, ‘वाढत्या अंगाचा’ घेतात. दुकानदाराने चिमीच्या मापाचा काढला, तर आमच्या आईने तो हाताने बाजूला सारला. “अरे, ती काय एवढीच राहणार आहे का? दहावीपर्यंत नको का पुरायला?” शेवटी आणला तो गणवेश चिमीने घातला, की ती त्यात कुठेतरी आहे असा अंदाज करावा लागे. बूटही दोन नंबर मोठे, पुढे कापसाचे बोळे. दप्तर तर असं, की त्यात सामानासकट तीसुद्धा मावली असती.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सरकारी नियम आहे. मी नियम पाळणारा माणूस. किराणा दुकानाच्या काट्यावर आधी चिमीला उभं केलं : सव्वीस किलो. मग रिकामं दप्तर ठेवलं : नऊशे ग्रॅम. कंपास, पाण्याची बाटली आणि आईने दिलेला तीन पोळ्यांचा डबा घातल्यावर उरलेल्या हिशेबात दोन वह्या बसत होत्या. “मग मराठी आणि गणित नेते, बाकीचं राहू दे,” चिमी म्हणाली. दुकानदाराला हा तोडगा फारच पटला.

माझी खरी मेहनत मात्र मानसिक तयारीवर होती. प्राथमिकला एकच बाई सगळं शिकवत, इथे घंटा झाली की सर बदलणार, बाई बदलणार. मी तिला बसवून वेळापत्रक समजावलं. रोज आठ तास.

“अकरा ते पाच म्हणजे सहाच तास होतात,” ती म्हणाली.

“अगं, हा तास पस्तीस मिनिटांचा असतो.”

“मग त्याला तास का म्हणतात?”

यावर मी तिला आमच्या वेळचं सांगितलं. आम्ही एबीसीडीच मुळी पाचवीत शिकलो. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणून तुमची चैन. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तरीच.”

शाळा सुरू झाली त्या दिवशी पुस्तकं मिळाली. रात्री जेवणं उरकून मी खाकी कागदाचा रोल घेऊन बसलो. कव्हर घालणं ही माझी कला, असं मी लग्नापासून सांगत आलोय. पुस्तक मधोमध ठेवायचं, चार बोटं कागद सोडायचा, पाठीपाशी वर-खाली दोन चिरा द्यायच्या आणि ती जीभ आत दुमडायची. पहिल्या पुस्तकाला चीर एवढी खोल गेली, की कव्हराचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याला चिकटपट्टीचं टोकच सापडेना. ते नखाने शोधण्यात एक मालिका संपली. आईने खळ करून दिली, तर तिच्या वासाने पहाटेपर्यंत मुंग्या आल्या. साडेअकराला मी शेवटचं लेबल चिकटवलं. सकाळी चिमीने पाहिलं : परिसर अभ्यास भाग एकवर ‘भाग दोन’, भाग दोनवर ‘भाग एक’ आणि गणित उलटं. “असू दे बाबा,” तिने माझ्या पाठीवर थोपटलं, “मी दप्तरात उलटं ठेवीन, म्हणजे सुलटं दिसेल.”

राहिली एसटी. आमच्या घरात एसटीच्या बाबतीत मी एकटाच मागासलेला. आई पंच्याहत्तरीपुढची म्हणून फुकट, बायकोला अर्धं तिकीट आणि गावाकडच्या मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. तो दुसऱ्या आठवड्यात शाळेतच मिळाला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स द्यायची राहिली म्हणून मी तिच्याबरोबर निघालो. कंडक्टर आले. मी पाकीट काढेपर्यंत चिमीने पास पुढे केला आणि कोपराने माझ्याकडे खूण करत म्हणाली, “काका, यांचं एक फुल.”

स्टँड आल्यावर ती हळूच कानाशी आली. “बाबा, उतरलात की जरा मागून या हं.”

मी मागून निघालो. पुढे दप्तर चाललं होतं. त्याच्याखाली दोन बूट दिसत होते. टाच उचलली, की बूट क्षणभर मागे राहत होता आणि मग घाईने तिला गाठत होता.