मिरचीची पानं आखडतात तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मिरचीच्या कोकड्यावरच्या, म्हणजे पानं आखडण्याच्या रोगावरच्या, लेखात मी साधी गोष्ट अवघड करून ठेवली. बाल्कनीत चार कुंड्या लावणाऱ्याला "कॅल्शियम कमी पडलंय, अंड्याची टरफलं घाला" एवढं सांगितलं तरी पुरे. आणि मी लिहिल्याप्रमाणे तुम्ही पानं उलटून पाहिलीत, एकही कीड दिसली नाही, तरी झाडाचा शेंडा गेलाच.

शेवटच्या मुद्द्यात चूक माझी आहे. "पान उलटून बघा" असं मी लिहिलं, पण पिवळा कोळी, म्हणजे कोवळ्या पानांतला रस शोषणारी सूक्ष्म कीड, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही हे लिहायचं राहिलं. त्याची मादी जेमतेम 0.2 मिलिमीटरची असते. पान स्वच्छ दिसतंय म्हणजे कीड नाही, असं तुम्हाला वाटलं ते माझ्या अर्धवट लिहिण्यामुळे. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

टरफलांबद्दल मात्र मला पटत नाही. कॅल्शियम कमी पडलं तर कोवळी पानं वेडीवाकडी येतात, हे खरं. पण टरफलाची पूड कुंडीतल्या मातीत फार हळू विरघळते, बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंडीत तर आणखीच हळू. कोळ्यामुळे आखडलेल्या झाडाला ती घालून आपण दोन-तीन आठवडे वाट बघतो आणि तेवढ्यात कोळ्याच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात, कारण उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठवड्याभरातच पूर्ण होते. मी स्वतः असंच एक झाड घालवलंय. एप्सम सॉल्ट, मग टरफलं, मग पुन्हा एप्सम सॉल्ट. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, आणि ते जास्त झालं तर मुळांना कॅल्शियम घ्यायला उलट अडचण होते, हे मला नंतर कळलं.

त्या झाडाचा शेंडा मी शेवटी दहापट भिंगाखाली धरला. शेंड्यातलं सगळ्यात कोवळं पान, बोटाच्या पेराएवढं, मागची बाजू वर. मधल्या शिरेलगत पिवळसर, काचेसारखे पारदर्शक ठिपके सरकत होते. मध्येच चपटी अंडी, त्यांच्यावर पांढऱ्या टिंबांच्या रांगा. एक नर दुसऱ्या कोळ्याला पाठीवर घेऊन चालला होता. न वाढलेल्या मादीला ते असंच उचलून नेतात. अशी अंडी दिसली की शंका उरत नाही.

भिंग नसेल तर वळणाची दिशा बघा. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसतात. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला आणि मागची बाजू तांबूस, खरखरीत झाली, तर कोळी. पानं बारीक, शिरा जाड, झाड खुजं आणि झुडपासारखं, सोबत पांढरी माशी उडतेय, तर तो विषाणू. त्याला औषध नाही. असं झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारची झाडं वाचतील.

अन्नद्रव्यांची कमतरता मुख्यतः रंगातून बोलते. पान आधी पिवळं पडतं, वळणं क्वचित आणि नंतर. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. तोच नमुना शेंड्याच्या नव्या पानांवर असेल तर लोह, आणि तेव्हा बहुधा लोह मातीत असतंच, मातीचा सामू (pH) वाढल्यामुळे झाडाला मिळत नसतं. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, लोह आणि कॅल्शियम नाही. नव्या-जुन्याचा फरक मी इतका धरून ठेवतो तो म्हणूनच. कुंडीत न धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर मात्र कॅल्शियमची शंका जरूर घ्या, कोकोपीट ते धरून ठेवतं.

आता तुमच्या झाडाबद्दल. खालची पानं हिरवीगार, शेंडा मात्र आखडून तपकिरी, असं तुम्ही लिहिलंय. मला तो कोळीच वाटतो. तयार मिरच्या आधी तोडून घ्या, आखडलेला शेंडा दोन-तीन पेरं खाली छाटा, मग संध्याकाळी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, पानांच्या मागून फवारा. आठवड्याने पुन्हा. कडक उन्हात गंधक नको, पानं भाजतात. आणि गेल्या दोन आठवड्यांत कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर ते मारल्यापासून दोन आठवडे होईपर्यंत थांबा. वळलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नका. छाटलेल्या जागेखालून फुटणारी नवी पानं बघा.

ती फुटली की फोटो टाका. सावलीत, देठासकट, पान उलटं करून.