घर बघायचं तर जुलैत बघा

जुना फ्लॅट स्वस्तात उचलायचा, शनिवार-रविवारी स्वतः घासूनपुसून रंगवायचा, नळ आणि टाइल्स बदलायच्या आणि वर्षभरात विकून मोकळं व्हायचं, असा बेत ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

हल्ली भाच्यापासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत जो तो मला हेच विचारतो. आमचा भांडुपचा जुना वन बीएचके मी आणि नवऱ्याने बराचसा स्वतःच्या हाताने उभा केला, हे सगळ्यांना माहीत आहे. केला, आणि मजाही आली. पण गुंतवणूक म्हणून विचाराल तर माझं मत पक्कं आहे: मुंबईत घर दुरुस्त करून पैसा सुटत नाही. सुटतो तो इमारतीमुळे, आणि अडकतो तोही इमारतीमुळेच.

जुनं घर घेऊन, सजवून विकण्याच्या परदेशी व्हिडिओतली गोरी माणसं घर घेतात तेव्हा छप्पर त्यांचं, भिंती त्यांच्या, खालची जमीनही त्यांची. आपल्याकडे स्लॅब सोसायटीचा, बाहेरची भिंत सोसायटीची, ड्रेनेजचा उभा पाइप सोसायटीचा. आपल्या हातात काय, तर लादी, रंग, ओटा आणि संडास-बाथरूम. ते कितीही चकाचक केलं तरी बाहेरच्या भिंतीतून ओल येतच राहणार, आणि ती भिंत कधी दुरुस्त होईल हे जनरल बॉडीत ठरणार. जनरल बॉडीत काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको.

आधी हिशेब करू. समजा ८० लाखांचा फ्लॅट आहे. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणीचे ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी ८० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार घेता येते. (त्यापेक्षा जास्त मागत असतील तर लेखी मागा म्हणावं, आवाज आपोआप खाली येतो.) वर ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरलं, तर महिन्याला साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज. म्हणजे एकही टाइल न फोडता वर्षभरात सव्वाअकरा लाख गेले. त्यात दुरुस्तीचे चार लाख आणि विकतानाची दलाली घाला. मेंटेनन्स मी धरलेलाच नाही. हे घर ९६ लाखांना विकलं, तर तुम्ही जिथे होतात तिथेच आहात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, तेवढे ८० हजार वाचवा.

आणि समजा नफा झालाच. २४ महिन्यांच्या आत विकलं तर तो नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून आयकराच्या टप्प्यांप्रमाणे कर. त्यानंतर विकलं तर आता खरेदी केलेल्या घराला साडेबारा टक्के. भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च पावत्या असतील तर किमतीत धरता येतो, पण रंगरंगोटी आणि बारीकसारीक दुरुस्ती त्यात बसत नाही. तुम्ही रविवार घालवून स्वतः घासलेल्या भिंतींचे तर शून्य रुपये.

एवढं ऐकूनही घ्यायचंच असेल, तर घर जुलैत बघा. तेही आठवडाभर झोडपून पाऊस पडल्यानंतर. जानेवारीत मुंबईतलं प्रत्येक घर कोरडं असतं. ताज्या रंगाचा वास आला की मला तर आधी संशयच येतो. खिडकीच्या खालची भिंत, ओट्याखालचं कपाट, बाथरूमच्या मागची भिंत या तीन जागी हाताचा पंजा टेकवून बघा. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला की मागचा माल सुटलाय. आणि ब्रोकरला गाडीशी थांबवून सरळ खालच्या मजल्यावर बेल वाजवा. तुमचं बाथरूम गळतं की नाही हे विकणाऱ्यापेक्षा खालच्या काकूंना जास्त माहीत. आम्ही घर घेतलं तेव्हा खालच्या काकूंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "तुम्ही नवीन का? या, दाखवते." त्यांच्या संडासाच्या छताला एक पत्रा तिरका लावला होता आणि पत्र्याच्या टोकाला बादली होती. तो पत्रा बघूनच आम्ही भाव पाडून घेतला.

छताला पोपडे आले असतील तर ते नुसते रंगाचे आहेत की आतून काँक्रीट फुगलंय हे बघायला हवं. समुद्राची खारी हवा आणि पाणी आत शिरून सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडतो. अशा जागी पुट्टी मारून रंग दिला, तर पुढच्या पावसाळ्यात तोच पोपडा दुप्पट होऊन खाली पडतो. खरं काम म्हणजे सुटलेलं काँक्रीट तोडायचं, सळई तारेच्या ब्रशने लख्ख घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, पॉलिमरचा माल भरायचा आणि त्याला नीट पाणी द्यायचं. हे घरच्या घरी करायचं काम नाही. बीम आणि कॉलमला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हातोडा लावू देऊ नका, मिस्त्री कितीही "हो जाएगा मॅडम" म्हणाला तरी.

त्यापेक्षा कागद वाचायला वेळ द्या. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा. शेरा सी-१ असेल तर इमारत अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ असेल तर तुमच्या रंगाचा डबा उघडण्याआधीच सोसायटीची काही लाखांची वर्गणी दारात येऊ शकते. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशात) किती आहे, कन्व्हेअन्स झालंय का म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, ओसी म्हणजे महापालिकेचा राहण्याचा दाखला आहे का, आणि मागच्या दोन-तीन सभांच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा विषय आहे का, हे सगळं विचारा.

या शेवटच्या मुद्द्यात तर सगळी गंमत आहे. पुनर्विकासात तुमचा हिस्सा कार्पेट एरियावर ठरतो. तुमचं बाथरूम चमकतंय की गळतंय, बिल्डरला काडीचाही फरक पडत नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात किंवा चेंबूरच्या टिळक नगरात जुन्या म्हाडा इमारतींच्या जागी टॉवर उभे राहिलेत, तिथे कोणाच्या ओट्याला ग्रॅनाइट होता हे कोणी विचारलं असेल का? म्हणून भाव वाढेल या आशेनेच घेत असाल, तर दुरुस्तीवर कमीत कमी खर्च करा आणि सोसायटीत किती भांडणं आहेत ते बघा. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घेतलेल्या जुन्या खोल्यांचा हिशेब आणखी वेगळा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेहक्क हस्तांतरासाठी पैसे घेणं कायदेशीर झालं खरं, पण त्यात मालकाची संमती आणि त्याचा वाटा आलाच, शिवाय बँका सहसा कर्ज देत नाहीत.

मग स्वतःच्या हाताने काहीच करायचं नाही का? राहायला घेत असाल तर जरूर करा. जुना रंग खरवडणं, पॉलिश पेपर, पुट्टीचे दोन हात, प्रायमर, रंग हे सगळं जमतं. नळाचे वॉशर, बिजागऱ्या, जाळ्या, टाइल्सच्या फटींत ग्राउट भरणं हेही जमतं. फक्त पुट्टी पावसाळ्यात लावू नका, सुकतच नाही. भिंती वाळू द्या आणि दसऱ्यानंतर हात घाला. मास्क लावा, ती धूळ कितीतरी दिवस नाकात बसते. सामान वॉर्डातल्या दुकानात महाग पडतं. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला आणि वायर-स्विच लोहार चाळीत मिळतात, पण लायटिंगचं काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मात्र चांगल्या गवंड्याकडूनच, आणि तो काम करत असताना तिथे उभं राहून. आमचं बाथरूम फोडलं तेव्हा भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप निघाला. गवंड्याने तो कापून माझ्या हातात दिला. आत गंज इतका साचला होता की पेन्सिलही जाईना, आणि आम्ही वर्षभर सोसायटीच्या टाकीला दोष देत होतो. नवीन सीपीव्हीसीचा, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाकला. कोब्याचं, म्हणजे टाइलखालच्या वॉटरप्रूफ थराचं काम झाल्यावर न्हाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीला) बूच मारून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंना वर बघत बसायला सांगितलं. त्यांनी दर दोन तासांनी फोन करून "अजून कोरडं आहे" असं कळवलं. ही चाचणी पास झाल्याशिवाय टाइल लावू द्यायची नाही आणि उरलेले पैसेही द्यायचे नाहीत.

जुन्या लादीवरच नवी लादी बसवा असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, स्लॅबवर फुकटचं वजन चढतं. रंग, गिलावा, लादी बदलायला महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत हलवायची किंवा बाल्कनी आत घ्यायची असेल तर लागते. सोसायटीला आधी पत्र द्या, डेब्रिजच्या गोण्या जिन्यात ठेवू नका आणि दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवा. नाहीतर खालच्या काकू बादली घेऊन नाही, तक्रारीचं पत्र घेऊन येतील.